पन्नास रुपयांचे अनुदान, पन्नास रुपयांचा दंड : प्राण्यांचे कायदे आणि आपली भूमिका

३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून जाहीर केले. गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दर दिवशी, दर गाईमागे ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णयही त्याच वेळी झाला. आता दुसरा आकडा बघा. प्राण्यांचा छळ थांबवण्यासाठी देशात जो मूळ कायदा आहे, म्हणजे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, त्यात पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी १० रुपये आणि जास्तीत जास्त ५० रुपये दंड आहे. बैलाच्या पाठीवर जखम होईपर्यंत मारा, घोड्याला उपाशी ठेवून ओझे ओढायला लावा, दंड तोच. पासष्ट वर्षांत तो एका रुपयानेही वाढलेला नाही.

एका गाईच्या एका दिवसाच्या चाऱ्याला ५० रुपये आणि कोणत्याही जनावराच्या छळाला ५० रुपये. आपल्या देशातले सगळे प्राणी-राजकारण या दोन आकड्यांच्या मध्ये उभे आहे.

२०२५ हे साल तर महाराष्ट्रात प्राण्यांच्याच बातम्यांचे गेले. दादरच्या कबुतरखान्यावरून लोक रस्त्यावर आले. नांदणी मठाच्या हत्तिणीसाठी कोल्हापुरात मोर्चे निघाले. भटक्या कुत्र्यांवर सर्वोच्च न्यायालयाने काही महिन्यांत एकामागून एक आदेश दिले. गोरक्षकांच्या जाचाला कंटाळून कुरेशी समाजाने राज्यभर जनावरांची खरेदी बंद ठेवली. या सगळ्या गदारोळात बौद्ध समाज, विशेषतः आपला तरुण, कुठे होता?

आम्हाला दोन सूर ऐकू आले. पहिला सूर म्हणतो, प्राण्यांचा विषय हा गोरक्षकांचा आणि खात्यापित्या घरातल्या श्वानप्रेमींचा, आपल्याला माणसाचे प्रश्न पुरेसे आहेत. दुसरा सूर पंचशीलातल्या पहिल्या शीलाची आठवण देतो, करुणेचे सुविचार पुढे पाठवतो आणि उनाचे नाव निघाले की गप्प बसतो. आमच्या मते दोन्ही सूर अपुरे आहेत. प्राण्यांच्या कायद्याकडे आपण नीट वाचून, वेगळे करून बघितले पाहिजे. कारण या एका नावाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी चालल्या आहेत.

संविधानातच दोन वेगळ्या वाटा

संविधानाची सातवी अनुसूची काढून बघा. समवर्ती सूचीत १७ व्या क्रमांकावर प्राण्यांच्या क्रूरतेला प्रतिबंध हा विषय आहे. त्यावर केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात. राज्य सूचीत १५ व्या क्रमांकावर पशुधनाचे जतन, संरक्षण आणि सुधारणा हा विषय आहे. पहिल्या नोंदीचा संबंध जनावराच्या वेदनेशी, दुसरीचा शेतीच्या अर्थकारणाशी. १९६० चा कायदा पहिल्या वाटेने आला. महाराष्ट्राचा १९७६ चा प्राणी रक्षण कायदा, ज्याला आपण गोवंश हत्याबंदी म्हणतो, तो दुसऱ्या वाटेने आला.

फरक वरवर छोटा वाटतो. परिणाम मोठा आहे. पहिला कायदा विचारतो : या जिवाला विनाकारण त्रास होतो आहे का? दुसरा विचारतो : हा जीव कोणत्या जातीचा? तो गाय-बैल असेल तर म्हातारपणी गोठ्यात उपाशी मेला तरी कायद्याला फारसे देणेघेणे नाही, फक्त तो कापला जाता कामा नये.

संविधान सभेतला इतिहासही माहीत असावा. नोव्हेंबर १९४८ मध्ये पंडित ठाकूरदास भार्गव यांनी गोहत्याबंदीची दुरुस्ती मांडली आणि मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी ती स्वीकारली. आजचे कलम ४८ त्यातून आले. पण ते कोणत्या रूपात आले? मूलभूत हक्कांत तिला जागा मिळाली नाही, ती राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत गेली. आणि कलमाची सुरुवात शेती व पशुपालन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटित करण्यापासून होते. धर्माचा उल्लेख त्यात नाही. पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ५१ क मध्ये नागरिकांची कर्तव्ये आली आणि त्यात सजीव प्राण्यांबद्दल करुणा बाळगणे हे एक कर्तव्य ठरले. तिथे शब्द ‘सजीव प्राणी’ असा आहे. गाय असा नाही. आपल्याला धरायचे आहे ते हे टोक.

१९६० च्या कायद्यात काय आहे

हा कायदा एका स्त्रीच्या हट्टातून आला. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेच्या सदस्य असताना खासगी विधेयक आणले. सरकार स्वतः कायदा करील या पंतप्रधान नेहरूंच्या आश्वासनावर त्यांनी ते मागे घेतले आणि १९६० मध्ये कायदा झाला. १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या अध्यक्ष रुक्मिणीदेवीच होत्या.

कायद्याचे कलम ३ सरळ आहे : ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याने त्याची काळजी घेतली पाहिजे आणि त्याला विनाकारण वेदना होऊ देता कामा नये. कलम ११ मध्ये क्रूरतेची यादी आहे. मारहाण, लाथा, अति ओझे, अति पळवणे, आजारी किंवा जखमी जनावराला कामाला जुंपणे, त्रास होईल अशा रीतीने वाहून नेणे, लहान पिंजऱ्यात कोंडणे, आखूड दोराने कायमचे बांधणे, अन्नपाण्यावाचून ठेवणे, म्हातारे झाले म्हणून सोडून देणे, झुंजी लावणे. मोटरसायकलच्या हँडलला पाय बांधून उलट्या टांगलेल्या कोंबड्या आपण रोज बघतो. कायद्याच्या भाषेत तोही गुन्हाच आहे.

या कायद्याखाली नियमही बरेच झाले. १९६५ च्या नियमांनुसार ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावराला दिवसाला नऊ तासांहून जास्त जुंपता येत नाही, सलग पाच तासांनंतर विश्रांती द्यावी लागते आणि जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ काम बंद. १९७८ च्या वाहतूक नियमांत पशुवैद्यकाचा दाखला, चारा-पाणी, हवा यांची सक्ती आहे. २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार एका जनावरासमोर दुसरे कापायचे नाही, कापण्याआधी जनावराला २४ तास विश्रांती द्यायची, गाभण मादी कापायची नाही, तीन महिन्यांच्या आतले पिल्लू असलेली मादीही नाही. एका पशुवैद्यकाने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरे तपासायची नाहीत, इथपर्यंत बारकावा आहे.

मग अडते कुठे? तीन ठिकाणी. पहिले म्हणजे दंड, जो आपण वर पाहिला. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केला तरी दंड २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. दुसरे म्हणजे पोलिसांचे हात. झुंजी लावणे, अत्यंत क्रूरपणे ठार मारणे, दूध वाढवण्यासाठी फुंका घालणे असे मोजके गुन्हे सोडले तर बाकीचे अदखलपात्र आहेत. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तिसरे म्हणजे मुदत. गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही तर विषय संपला. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने शिक्षा वाढवणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला. तीन वर्षे उलटली, दंडाचा आकडा तिथेच आहे.

भारतीय न्याय संहितेने तर एक भोक पाडून ठेवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेच्या कलम ३२५ मध्ये जनावराला मारणे, विष घालणे, पंगू करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ही चांगली बाब. पण जुन्या दंड संहितेचे कलम ३७७ पूर्ण गाळताना प्राण्यांवरच्या लैंगिक अत्याचाराला असलेली शिक्षाही गळून गेली आणि तिच्या जागी काही आले नाही. गाईला माता म्हणणाऱ्या व्यवस्थेत एवढी गोष्ट कोणाच्या ध्यानात राहिली नाही.

ज्याच्या हाती मते, त्याच्यासाठी दुरुस्ती

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ए. नागराज खटल्यात तमिळनाडूची जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती बंद केल्या. भूक-तहान, अस्वस्थता, वेदना-आजार, भीती यांपासून मुक्ती आणि नैसर्गिक वागणुकीची मोकळीक ही पाच स्वातंत्र्ये न्यायालयाने कलम ३ व ११ मध्ये वाचली. भारतीय प्राणी-कायद्यातला तो सर्वांत पुढारलेला क्षण होता.

पुढे काय झाले ते आपल्यासमोर आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्राने १९६० च्या कायद्यालाच राज्यापुरती दुरुस्ती केली. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनीही शर्यतींची बाजू घेतली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असे म्हणायला न्यायालय तयार झाले नाही.

शर्यतीच्या बाजूने म्हणण्यासारखे काही नाही असे आमचे मत नाही. शर्यतीमुळे खिलार बैलाला किंमत राहते, हे गावात खरे आहे. महाराष्ट्राच्या दुरुस्तीत नियम मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे मूळ कायद्यापेक्षा ती कितीतरी कडक. आमचा मुद्दा वेगळा आहे. जमीनधारक, संघटित, मतांची ताकद असलेल्या समाजाला बैल पळवायचा होता, तेव्हा तीन राज्यांच्या विधानसभा हलल्या. त्याच बैलाच्या कातड्यावर पोट असलेल्या चर्मकाराला, त्याच्या मांसावर पोट असलेल्या खाटकाला काही हवे होते, तेव्हा कोणती विधानसभा हलली?

गोवंशबंदीची किंमत कोण मोजतो

महाराष्ट्राच्या १९७६ च्या कायद्यात गाईच्या कत्तलीला बंदी होती, निरुपयोगी झालेला बैल दाखला घेऊन विकता येत होता. १९९५ मध्ये विधिमंडळाने बैल आणि वळूही त्यात घातले. राष्ट्रपतींची संमती वीस वर्षे रखडली, ती २०१५ मध्ये आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेरून आणलेले गोमांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम आणि निर्दोष असल्याचा पुरावा आरोपीनेच द्यावा असे सांगणारे कलम, ही दोन्ही रद्द केली. माणसाच्या घरात शिरून त्याचे ताट तपासण्याचा अधिकार राज्याला नाही, हा त्या निकालाचा गाभा. आपल्या तरुणांनी तो माहीत करून घ्यावा.

आता या कायद्याने जनावराचे काय भले झाले ते बघू. शेतकऱ्याच्या दावणीला भाकड गाय किंवा थकलेला बैल उभा आहे. पूर्वी तो बाजारात विकून आलेल्या पैशात चार पैसे घालून नवा खोंड घ्यायचा. आता विकता येत नाही, पोसता येत नाही. मग काही जनावरे रात्री कोणाच्या तरी शिवारात सोडली जातात, काही दावणीलाच खंगतात. जी विकली जातात ती चोरवाटेने, एका गाडीत कोंबून, पाण्याच्या थेंबाशिवाय, कारण उघड वाहतूक केली तर रस्त्यात टोळी उभी. म्हणजे १९७८ च्या वाहतूक नियमांनी जी दया कागदावर दिली, ती दुसऱ्या कायद्याच्या भीतीने रस्त्यावर काढून घेतली. एका कायद्याने दुसऱ्याचा गळा धरला आहे.

आणि माणसाचे? ११ जुलै २०१६ रोजी गुजरातच्या उना तालुक्यात मोटा समढियाळा गावच्या दलित तरुणांना मेलेल्या गाईचे कातडे काढत असताना गोरक्षकांनी पकडले, उघडे करून गाडीला बांधले आणि सळ्यांनी मारले. गाय मेलेली होती. कातडे काढणे हा गुन्हा नव्हता. ते काम गावाने पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच माथी मारले होते. त्यानंतर सौराष्ट्रातल्या दलितांनी मेलेली जनावरे उचलायचे बंद केले, सरकारी कचेऱ्यांपुढे सांगाडे आणून टाकले. एप्रिल २०१८ मध्ये त्या कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला. उनाच्या त्या घरापर्यंत जाणारी वाट १९२७ च्या महाडवरून जाते. चवदार तळ्याच्या त्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेले जनावर ओढायचे नाही, मृतमांस खायचे नाही, असे आपल्या लोकांना बजावले होते. प्राण्याचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न आपल्या इतिहासात कधीच वेगळे नव्हते.

२०१७ मध्ये केंद्राने तर १९६० च्या कायद्याचाच आधार घेऊन बाजारात कत्तलीसाठी जनावर विकण्यावर बंधने आणणारे नियम काढले. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मद्रास उच्च न्यायालयाने दिलेली स्थगिती देशभर लागू केली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या नियमांनी, खटला चालू असतानाच, दोष सिद्ध होण्याआधीच, जप्त जनावर मालकाकडून काढून गोशाळेला देण्याची सोय केली. २०२१ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने हे नियम मूळ कायद्याशी विसंगत असल्याचे सरकारला सुनावले. क्रूरता रोखण्याचा कायदा वापरून कोणाच्या तरी रोजीवर घाला घालायचा, ही युक्ती आपण ओळखायला शिकले पाहिजे.

कोंबडीला देव नाही

ज्या जिवाला देवत्व मिळाले नाही त्याचे काय होते हे बघायचे असेल तर अंड्यांच्या पोल्ट्रीत जा. २०१७ मध्ये विधी आयोगाने आपल्या २६९ व्या अहवालात अंडी देणाऱ्या आणि मांसाच्या कोंबड्यांच्या अवस्थेवर लिहिले. २०२३ मध्ये नियम आले. एका कोंबडीला किमान जागा किती? ५५० चौरस सेंटीमीटर. झेरॉक्सच्या दुकानातला ए-फोर कागद सुमारे ६२४ चौरस सेंटीमीटर भरतो. म्हणजे नियम पूर्ण पाळला तरी कोंबडीचे सगळे आयुष्य त्या कागदाहून कमी जागेत जाणार. जुन्या पोल्ट्रींना एवढे करायलाही १ जानेवारी २०२८ पर्यंत मुदत आहे. तरी या नियमांनी जास्त अंड्यांसाठी कोंबड्यांना उपाशी ठेवण्याची पद्धत बंद केली, ती जमेची बाजू.

त्या पोल्ट्रीसमोर कोणती टोळी उभी राहिली? कोणते अनुदान जाहीर झाले? तिच्या यातनेला मत नाही, म्हणून ती बातमीतही नाही.

वस्तीतला कुत्रा

भटक्या कुत्र्यांचा विषय आपल्या वस्त्यांशी थेट जोडलेला आहे. २००१ आणि नंतर २०२३ च्या नियमांनी उपाय सांगितला : कुत्रा पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, जिथून उचलला तिथेच सोडा. जबाबदारी नगरपालिका, महानगरपालिका, ग्रामपंचायतीची. हा उपाय शास्त्रीय आहे, पण तो वर्षानुवर्षे सलग आणि मोठ्या प्रमाणावर केला तरच लागू पडतो. ते झाले नाही. म्हणून ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला, २२ ऑगस्टला तो बदलून लसीकरणानंतर पुन्हा सोडायला सांगितले, आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातून कुत्री हटवण्याचा आदेश दिला.

दूरचित्रवाणीवर या वादात दोन बाजू दिसल्या : कुत्र्यांवर प्रेम करणारे आणि कुत्र्यांना घाबरणारे. तिसरी बाजू दिसलीच नाही. पहाटे झाडू घेऊन निघणारा सफाई कामगार, कचऱ्यातून भंगार वेचणारी आई, गल्लीत खेळणारे तिचे पोर. चावा त्यांनाच होतो, कारण कचऱ्याचा ढीग त्यांच्याच वस्तीशेजारी सडतो आणि कुत्री त्या ढिगावर जगतात. रेबीज एकदा उमटला की रोगी जवळपास वाचत नाही, म्हणून चावल्यावर तातडीने लस आणि सिरम मिळणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग. कचरा उचला, नसबंदी करा, प्राथमिक आरोग्य केंद्रात लस ठेवा. या तिन्ही मागण्या कुत्र्याच्याही हिताच्या आहेत आणि माणसाच्याही. यात करुणेची वाटणी करावी लागत नाही.

सम्राट अशोकाने काय केले होते

प्राण्यांसाठी राज्याने कायदा करावा ही कल्पना आपल्याला परदेशातून घ्यायची गरज नाही. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजवाड्याच्या मुदपाकखान्याचा हिशेब आहे. पूर्वी रोज लक्षावधी जीव मारले जात, ते तीनवर आणले, दोन मोर आणि एक हरीण, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत अशी ग्वाही. दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशा दोन्ही उपचारांची सोय आहे, औषधी वनस्पती, विहिरी, झाडे आहेत. आठव्या शिलालेखाचा तुकडा आपल्याच नालासोपाऱ्यात, १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. त्यात राजाने शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचे सांगितले आहे.

पाचव्या स्तंभलेखाला तर आजचा वकीलही नियमावली म्हणेल. पोपट, मैना, वटवाघूळ, कासव, साळिंदर, खार अशी संरक्षित जिवांची यादी. गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी, डुकरीण आणि सहा महिन्यांच्या आतली पिल्ले मारायची नाहीत. जीवजंतू असलेला भुसा जाळायचा नाही, विनाकारण वणवा लावायचा नाही. ठरावीक दिवशी मासे मारायचे नाहीत, बैल-बोकडांचे खच्चीकरण करायचे नाही. २००१ च्या कत्तलखाना नियमांशी हे ताडून बघा, तेवीसशे वर्षांचे अंतर असूनही विचार तोच आहे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा : त्या यादीत मोकळा सोडलेला वळू आहे, डुकरीण आहे, वटवाघूळ आहे, पण गाईला वेगळे पवित्र स्थान नाही. अशोकाचा निकष जिवाच्या वेदनेचा होता. पावित्र्याला त्यात जागा नव्हती.

सातव्या स्तंभलेखात अशोक स्वतःच मूल्यमापन करतो. धम्म दोन मार्गांनी वाढला, नियमांनी आणि मन वळवण्याने. नियमांनी थोडे झाले, मन वळवण्याने अधिक, असे तो सांगतो. ज्याच्या हाती सगळी सत्ता होती तो माणूस हे लिहून ठेवतो. दंडुका घेऊन रस्त्यात उभ्या राहणाऱ्यांनी हा स्तंभ कधी वाचला असेल?

बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये अहिंसेची चर्चा करताना नियम आणि तत्त्व यांत फरक केला, आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. आपल्याला लागणारी कसोटी हीच. पोटासाठी व्यवसाय करणारा खाटीक आणि करमणुकीसाठी झुंज लावणारा सावकार यांना एका मापाने मोजता येत नाही. बुद्धाच्या काळी यज्ञात शेकडो जनावरे बळी जात, तेव्हा तथागतांनी कूटदंत ब्राह्मणाला रक्ताशिवायचा यज्ञ सांगितला आणि त्याच उपदेशात राजाने शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, नोकराला वेतन द्यावे हेही सांगितले. जनावराचा जीव आणि माणसाची रोजी यांचा विचार धम्माने एकत्रच केला.

बैल आणि कोयता

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडची जोडपी पश्चिम महाराष्ट्रात येतात, सोबत त्यांचे बैल. १९६५ च्या नियमाने बैलाला नऊ तासांची मर्यादा आहे. गाडीमागे चालणाऱ्या बाईला मुकादमाच्या उचलीपुढे तासांचा हिशेब विचारता येत नाही. प्रत्यक्षात दोघांनाही मर्यादा मिळत नाही. जोपर्यंत गाडीत माप ओलांडून ऊस भरल्याशिवाय उचल फिटत नाही, तोपर्यंत त्या बैलाच्या मानेवरचे ओझे कोणताही निरीक्षक कमी करू शकणार नाही. उलट बघितले तर मजुरीचा दर वाढला आणि गाडीच्या वजनाला मर्यादा लागली, तर एकाच फटक्यात दोघांचे खांदे मोकळे होतील.

म्हणून आमची भूमिका अशी. क्रूरता रोखणारा कायदा आपला आहे, तो धारदार व्हावा अशी मागणी आपणच करावी. जनावराच्या नावाने माणसाची जात आणि ताट तपासणारा कायदा आपला नाही, त्याला संविधानाच्या भाषेत विरोध करावा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, न लाजता.

कार्यकर्त्यांनी सुरुवात जिल्ह्यापासून करावी. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटी असायला हवी. माहिती अधिकारात विचारा : आहे का, शेवटची बैठक कधी झाली, दवाखाना कुठे आहे? नगरपालिकेला विचारा : या वर्षी किती कुत्र्यांची नसबंदी झाली, आरोग्य केंद्रात रेबीजची लस आणि सिरम आज शिल्लक आहे का? १७ जुलै २०१८ च्या तहसीन पूनावाला निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुंडीची हिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमायला सांगितले आहे. तुमच्या जिल्ह्यात तो कोण, हे लेखी मागा आणि विहाराच्या फलकावर लावा. छळाची तक्रार करायची असेल तर तीन महिन्यांची मुदत विसरू नका, फोटोवर तारीख ठेवा आणि पोलिसांनी हात वर केले तर दंडाधिकाऱ्याकडे जा. सफाई कामगारांच्या आणि ऊसतोड मजुरांच्या संघटनांना या कामात सुरुवातीपासून सोबत घ्या. जनावरासोबत रोज तेच असतात, बोलण्याचा पहिला हक्क त्यांचा.

आणि पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा. गोशाळेला रोज ५० रुपये देणारे सरकार, गाईच्या, कोंबडीच्या, गाढवाच्या छळाचा दंड ५० रुपयांच्या पुढे कधी नेणार? उत्तर आले नाही तरी हरकत नाही. समोरच्याला करुणा हवी आहे की फक्त झेंडा, एवढे त्या गप्प बसण्यातूनही कळेल.

जय भीम! नमो बुद्धाय!